व्यंकटराव मामांचा पाहुणा

मुखेड तालुक्यात सरकारी अनुदानासाठी सर्वांत जास्त अर्ज कोणी केले आणि मंजूर झालेलं अनुदान सर्वांत जास्त वेळा कोणी नाकारलं, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्या माहितीप्रमाणे एकच आहे: व्यंकटराव मामा.

त्यांना कडबाकुट्टी यंत्र मंजूर झालं तेव्हा त्यांच्याकडे एकही जनावर नव्हतं. तुषार संचाच्या सोडतीत नाव निघालं तेव्हा शेतात विहीर नव्हती. मधमाशीपालनाच्या पेट्या मिळणार असल्याचं कळलं तेव्हा त्यांनी कृषी सहायकाला भर बाजारात थांबवून विचारलं, "मला मधमाशा कशाला? एकट्या माणसाला एवढा मध जायचा कसा?"

सहायक म्हणाला, "मामा, अर्ज तुम्हीच केलाय."

"अर्ज केलाय. मागितलं कुठं?"

यावर सहायकाने मोटारसायकल सुरू केली.

मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. माझं कार्यालय म्हणजे बाजारपेठेतला एक गाळा. शेजारच्या गाळ्यात सुरेखाचं ऑनलाइन सेंटर आहे आणि समोर गफूरभाईंचं चहाचं हॉटेल. माझ्या आणि सुरेखाच्या गाळ्याला मिळून दगडाची एकच लांब पायरी आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी त्या पायरीवर बसायला जागा मिळत नाही. कोणाची हप्त्याची केवायसी राहिलेली असते, कोणाचं अतिवृष्टीचं अनुदान अडकलेलं असतं, कोणाच्या पीकविम्यात सोयाबीनच्या जागी ज्वारी लागलेली असते. सुरेखा बी.कॉम. झालेली आहे. तिच्या संगणकावर बुद्धाची एक लहानशी मूर्ती आहे. सर्व्हर बंद पडला की ती त्या मूर्तीकडे बघते आणि पायरीवरच्या लोकांना शांतपणे सांगते, "चहा पिऊन या." गफूरभाईंचा निम्मा धंदा सर्व्हरवर चालतो.

मामा या गर्दीत दुरूनही ओळखू येतात. कारण त्यांच्या अंगात कोट असतो.

तपकिरी रंगाचा, अस्तर लावलेला, चांगला शिवलेला कोट. खाली धोतर, डोक्याला पांढरा रुमाल. मे महिन्यात मुखेडच्या बसस्थानकावर कोट घालून उतरणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. गावात, लग्नकार्यात, तहसीलदारांच्या सभेतही मामा हा कोट घालत नाहीत. तो फक्त केवायसीसाठी आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, "मामा, कुठं निघालात?"

"कुठं न्हाई. पाहुणा यायचाय."

पाहुणा म्हणजे ओटीपी.

हा शब्द त्यांचा स्वतःचा. सुरेखाने त्यांना सुरुवातीला समजावून सांगितलं होतं, की सरकार एक आकडा पाठवतं, तो थोडाच वेळ टिकतो, तेवढ्यात तो सांगावा लागतो, नाहीतर परत मागवावा लागतो. मामांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पाहुणा हाय. दारात उभा राहतो, कुणी बोललं न्हाई की निघून जातो." तेव्हापासून आमच्या पायरीवर ओटीपीला सगळेच पाहुणा म्हणतात. "पाहुणा आला का?" "आला होता, गेला." "आणखी एक बोलवा." नवीन माणसाला वाटतं, इथे सोयरीक चालू आहे.

मामांच्या बाबतीत अडचण अशी, की पाहुणा त्यांच्या दारात येत नाही. त्यांच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर दुसऱ्याचा आहे. तो ज्या बाईचा आहे तिला मामा 'नंबरवाली' म्हणतात. ती पुण्याला असते. मामांकडे स्वतःचा साधा मोबाईल आहे, पण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो फक्त घड्याळ बघायला आहे. त्यामुळे प्रत्येक नव्या अर्जाच्या वेळी सुरेखाने आपल्या फोनवरून नंबरवालीला फोन लावायचा, पाहुणा आला का विचारायचं आणि आकडे घ्यायचे, अशी रीत पडली होती.

अंगठा जुळला तर एवढं करावं लागत नाही. पण मामांचा अंगठा जुळत नसे. दरवेळी सुरेखा आधी मशीनवर अंगठा ठेवायला सांगे, मशीन लाल दिवा दाखवी आणि मामा अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणत, "बघा. घासून गेला. मातीत गेला समदा."

मग फोन लागे. हा भाग ऐकण्यासाठी मी बऱ्याचदा हातातलं काम थांबवलं आहे.

सुरेखा विचारी, "ताई, आला का मेसेज?" पलीकडून बाईचा आवाज म्हणे, "आला. लिहून घ्या." तेवढ्यात मामा हात पुढे करत. "आणा इकडं. तुमच्या ऐकण्यात चूक व्हायची. सरकारी काम हाय." सुरेखा फोनचा स्पीकर लावून त्यांच्या हातात देई. मामा फोन कानाला न लावता तोंडासमोर धरत, आरशासारखा.

"हां. सांगा."

"चार."

"चार."

"शून्य."

"काय म्हणलात?"

"शून्य, शून्य."

"दोन शून्य का एक?"

"एकच. पुढं सात."

"सात का आठ? नीट सांगा. इथं गलका लई हाय."

सेंटरमध्ये त्या वेळी सगळे श्वास रोखून उभे असत. गलका अजिबात नसे. सहा आकडे घ्यायला मामा इतका वेळ लावत, की बऱ्याचदा पाहुणा निघून जाई आणि दुसरा मागवावा लागे. मागे उभा असलेला एखादा शेतकरी वैतागून म्हणे, "मामा, पंचमीपर्यंत होईल का?" मामा मान न वळवता उत्तर देत, "तुझा पाहुणा आला की तू बोल. माझ्यात बोलू नगंस."

सहावा आकडा झाला की मामा "बरं" म्हणत आणि फोन सुरेखाकडे देत. कधी रामराम नाही, कधी ख्यालीखुशाली नाही. मग कोट काढून नीट घडी घालून पिशवीत ठेवत आणि बाजार करायला जात.

सुरेखाने त्यांना नंबर बदलून घ्यायला किती वेळा सांगितलं असेल, याची गणती नाही. "मामा, आधार सेंटर दोन दुकानं सोडून हाय. तुमचा नंबर जोडून घ्या. कटकट मिटंल."

"आज अमावास्या हाय."

पुढच्या वेळी चष्मा घरी राहिलेला असे. त्याच्या पुढच्या वेळी नंबर आठवत नसे. एकदा त्यांनी चक्क असं सांगितलं, की दिल्लीवाल्यांना जुन्या नंबरची सवय झाली आहे, त्यांना तकलीफ कशाला द्यायची. शेवटी सुरेखाने नंबरवालीलाच सुचवलं, की ताई, तुम्हीच त्यांना सांगा, तुम्हालाही कामात त्रास होत असेल. पलीकडून उत्तर आलं, "राहू द्या ना ताई. हा फोन चालूच असतो माझा."

नंबरवाली म्हणजे मामांची मुलगी, हे मला गफूरभाईंनी सांगितलं. तोपर्यंत मला ती कोणी दूरची नातेवाईक किंवा जुनी एजंट वाटत होती. मामांची बायको लवकर गेली. मुलगी एकच. मामांनी तिला वाढवलं, शिकवलं, नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात घातलं. गावातली इंजिनिअर झालेली ती पहिली मुलगी. तिकडे शिकत असतानाच एका सुट्टीत ती घरी आली आणि वडिलांची सगळी ऑनलाइन नोंदणी करून गेली. मामांकडे तेव्हा मोबाईल नव्हता. तिने स्वतःचा नंबर दिला.

पुढे मामांनी तिच्यासाठी उदगीरकडचं एक स्थळ पाहिलं. बोलणी झाली. मामांनी लातूरला जाऊन कोट शिवायला टाकला. त्याच सुमारास मुलीने पुण्यात आपल्याबरोबर शिकलेल्या मुलाशी नोंदणी करून लग्न केलं. मामांनी पारावर चारचौघांत सांगितलं, "आजपासून तिचं नाव माझ्या तोंडात येणार न्हाई." मराठवाड्यात असं बोलणारे बाप पुष्कळ आहेत. वर्षभराने नातवंड झालं की बहुतेकांचा शब्द ढिला पडतो. मामांनी तो पाळला. तिचं नाव त्यांच्या तोंडून मुखेडमध्ये कोणीही ऐकलं नव्हतं.

"और कोट?" गफूरभाई म्हणाले. "कोट तर शिवून झाला होता. पैसे दिलेले. क्या करेगा आदमी?"

मामांच्या अंगठ्यामुळे मी एकदा एक बातमीही केली होती. पायरीवर बसलेल्या बऱ्याच शेतकऱ्यांचे अंगठे खरोखरच जुळत नव्हते. मशागतीने रेषा पुसट होतात, मशीन जुनं होतं. 'अंगठा जुळेना, अनुदान मिळेना' असा मथळा दिला. सोबत छायाचित्र मामांच्या अंगठ्याचं, कारण तो सर्वांत झिजलेला दिसत होता. बातमीची दखल घेतली गेली. एक साहेब नवं मशीन घेऊन सेंटरवर आले. त्यांनी पायरीवरच्या एकेकाला बोलावलं. सगळ्यांचे अंगठे लागले. शेवटी मामांचा नंबर आला. लाल दिवा.

साहेबांनी तो अंगठा उजेडात धरून पाहिला. "मामा, अख्ख्या लाइनीत तुमचाच तेवढा लागत नाही."

"मशीन चांगली हाय, साहेब," मामा समजूत काढत म्हणाले. "अंगठ्यातच खोट हाय. तुम्ही मनाला लावून घेऊ नगा."

साहेब गेल्यावर मामांनी त्याच पायरीवर बसून पाहुणा बोलवायला सांगितलं. त्या दिवशी आकडे घ्यायला त्यांनी नेहमीपेक्षाही जास्त वेळ लावला.

मग चेहऱ्याची केवायसी आली.

आता अंगठाही नको आणि ओटीपीही नको. फोनच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, डोळे मिचकवायचे, झालं. सुरेखाला हे लोकांना सांगताना फार आनंद होत होता. म्हाताऱ्या बायका कॅमेऱ्यासमोर पदर सावरून उभ्या राहत होत्या, हसत होत्या, काम होऊन घरी जात होत्या. बाजाराच्या दिवशी मामा कोट घालून आले तेव्हा तिने त्यांना रांगेतून पुढे बोलावलं.

"मामा, तुमची कटकट मिटली. अंगठा नको, पाहुणा नको. हितं बघा."

मामांना हे समजायला थोडा वेळ लागला. "नको म्हंजे?"

"तुमचं तोंड बघून सरकार ओळखतंय आता. बघा इकडं. हां. आता डोळे मिचकवा."

मामांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि डोळे मिचकवले नाहीत.

"मिचकवा की, मामा."

"मिचकवलं."

"कुठं? फोन सांगतोय, डोळे मिचकवा म्हणून."

"मला न्हाई येत."

"डोळे मिचकवायला येत न्हाई?"

"सवय न्हाई."

पायरीवर हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "मामा, समोर मास्तरीणबाई हाय म्हणून बघा, आपोआप लवंल डोळा!" मामा हलले नाहीत. कोटाची सगळी बटणं लावलेला, रुमाल बांधलेला तो माणूस, मान ताठ करून, डोळे फाडून फोनकडे बघत उभा होता. सुरेखाचा हात अवघडला. तिने दुसऱ्या हातात फोन घेतला. मामांचे डोळे लाल झाले, मग त्यांत पाणी जमा झालं. तरी पापणी हलेना. लोक हसायचे थांबले. पाणी एका डोळ्यातून ओघळलं, तेव्हा पापणी आपोआप मिटली.

फोनवर हिरवी खूण उमटली. ती मी सेंटरच्या दारातून पाहिली.

"झालं!" सुरेखा म्हणाली.

"झालं?"

"झालं, मामा. आता परत यायचं काम न्हाई. एवढ्यासाठी तर अजिबात न्हाई."

"बरं," मामा म्हणाले आणि बाहेर येऊन पायरीच्या टोकाला बसले. कोट काढला नाही. बाजारालाही गेले नाहीत. त्यांनी खिशातून चुन्याची डबी काढली, उजव्या अंगठ्याला चुना लावला आणि अंगठा पायरीच्या दगडावर सावकाश घासू लागले. मामा दरवेळी पायरीवर बसून हे करत, पण या प्रकाराकडे मी तोपर्यंत कधी लक्ष दिलं नव्हतं. आमच्याकडे चुन्याची डबी प्रत्येकाच्या खिशात असते आणि चुना लागलेलं बोट माणूस कुठेतरी पुसतोच.

गफूरभाई रिकामे ग्लास गोळा करायला आले होते. म्हणाले, "मामा, जरा तंबाखू निकालो."

"तंबाखू कुठंय? मी कुठं खातो?"

"मग चुना कशाला?"

मामांचा अंगठा दगडावर थांबला. त्यांनी डबीचं झाकण लावलं, ते नीट बसलं की नाही हे पाहिलं आणि डबी खिशात ठेवली.

सुरेखा दारात उभी होती. तिने ते ऐकलं होतं. ती मामांच्या अंगठ्याकडे बघत राहिली, मग आत गेली. संगणकासमोर बसली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, रोजच्यापेक्षा जरा मोठा.

"मामा, या इकडं. तुमचं काय झालं न्हाई दिसतंय. चेहरा जुळंना तुमचा."

"जुळंना?"

"सर्व्हर न्हाई म्हणून राहिला. पाहुणाच बोलवावा लागंल."

मामा उठले. कोट खाली ओढून सारखा केला. "मी म्हणलं नव्हतं? तोंडावर कुठं सरकार चालतंय?"

सुरेखाने फोन लावला. पण ओटीपी मागवायचं बटण तिने दाबलेलं नव्हतं. दाबायला आता जागाच नव्हती, काम पूर्ण झालेलं होतं. "ताई, मामा बोलतात," एवढंच म्हणून तिने फोन मामांच्या हातात दिला.

"हां. सांगा."

पलीकडून आवाज आला, "मेसेज आला नाही अजून."

"आला न्हाई?"

"नाही."

"बघा नीट."

"बघितलं. नाही आला."

मामांनी सुरेखाकडे पाहिलं. सुरेखा बुद्धाच्या मूर्तीकडे बघत होती. "सर्व्हर स्लो हाय, मामा," ती म्हणाली. "थांबावं लागंल."

"थांबावं लागंल म्हणतात," मामा फोनला म्हणाले.

"थांबते मी."

दोघं थांबले. मागच्या रांगेनेही आज घाई केली नाही. फोनमधून एखाद्या मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते. मामा ते लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"तिकडं डाळ कुठली खाता?"

"अं?"

"तुरीची डाळ. कुठली आणता?"

"दुकानातली. पाकिटातली."

"पॉलिशची?"

"हाव."

एवढा वेळ ती शहरातल्या बाईसारखं बोलत होती. हा 'हाव' मुखेडचा होता.

"पॉलिशच्या डाळीला चव नसती," मामा म्हणाले.

"नसती, बाबा."

मामांनी मान हलवली, जणू एखादी जुनी शंका फिटली. "अन् आकडा?"

"न्हाई आला अजून."

"बरं. मग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि फोन सुरेखाकडे दिला. कोट काढून घडी घालायला त्यांना त्या दिवशी बराच वेळ लागला. एक बाही सारखी बाहेर येत होती.

पुढच्या बाजाराला मामा आले ते कोटाशिवाय. खांद्यावर पिशवी होती, तोंड सुतळीने शिवलेली. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. टेबलभर डाळीचा वास पसरला.

"पत्रकार, पुण्याच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडं द्यायचंय हे. वर नाव लिहावं लागतंय म्हणला. तुमच्याकडं जाड पेन आसंल."

मी मार्कर घेतला. "बिनपॉलिशची?"

"मग काय पॉलिशची पाठवू?"

"नाव सांगा."

मामांनी दाराकडे पाहिलं. पायरीवर माणसं होती, समोर गफूरभाई होते, आणि मामांच्या गावचे दोघेजण चहा पीत होते. मी मार्करचं टोपण काढून बसलो होतो. अशा वेळी घाई न करणं, एवढंच आमच्या धंद्यात शिकवलेलं असतं.

"ज्योती," मामा म्हणाले.

हळू नाही. नेहमी आकडे म्हणायचे त्याच आवाजात. चहा पिणाऱ्यांपैकी एकाने वर पाहिलं आणि परत खाली पाहिलं.

मी लिहिलं. "पुढं? पत्ता?"

पत्ता त्यांना माहीत नव्हता. त्यांना आजवर फक्त आकडे माहीत होते, तेही सहा सहा करून. ते पिशवी तिथेच ठेवून सुरेखाच्या दारात गेले.

"सुरेखाबाई, नंबर लावता का? पत्ता इचारायचाय."

"लावते की. या."

मामा आत शिरता शिरता थबकले. हात सवयीने खिशात गेला. चुन्याची डबी बाहेर आली. झाकण निघालं.

सुरेखा कानाला फोन लावून त्यांच्याकडे बघत होती. "ऱ्हाऊ द्या, मामा," ती म्हणाली. "नुसतं बोलायला अंगठा लागत न्हाई."